‘ए ग्रेड’ सेल, भाचा आणि रात्री चालणारे यंत्र

प्रश्न : अकोल्याहून एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचे पत्र आले आहे. त्यांच्या गच्चीवर दीड वर्षापूर्वी 3 किलोवॅटची सौर यंत्रणा बसली, नेट मीटर लागला आणि वीजबिल नावापुरते उरले. मात्र लाइट गेली की भर दुपारीही घर बंद पडते. चार वर्षे जुन्या ट्युब्युलर बॅटऱ्याही आता थकल्या आहेत, म्हणून त्यांनी लिथियम बॅटरीसाठी तीन कोटेशन घेतली. पहिले एका कंपनीच्या भिंतीवर टांगायच्या 51.2 व्होल्ट, 100 ॲम्पिअर-तासांच्या तयार बॅटरीचे, 1,15,000 रुपयांचे. दुसरे त्यांच्या सख्ख्या भाच्याचे : 280 ॲम्पिअर-तासांचे 16 चौकोनी सेल मागवून तो स्वतः पॅक बांधून देणार आहे, 1,10,000 रुपयांत, आणि ‘मामा, सेल ए ग्रेडच आहेत’ असे त्याचे म्हणणे आहे. तिसरे शहरातल्या एका दुकानाचे : स्कूटरच्या सेलपासून बांधलेली 48 व्होल्टची ‘200 एएच’ (ॲम्पिअर-तास) बॅटरी, 42,000 रुपयांत. दुकानदाराने ती एका हाताने उचलून किती हलकी आहे हे दाखवले. वाचक विचारतात, ‘त्याच पैशांत जवळजवळ तिप्पट बॅटरी मिळत असताना 100 ची घेणे हा मूर्खपणा नाही का? मुलगा म्हणतो, भाच्याकडून घेऊ नका. नाही म्हटले तर बहीण दुखावेल.’ ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिले आहे की 82 वर्षांच्या आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, लावावा लागतो.

उत्तर :

तुमच्या पत्रात व्होल्टचे, सेलचे आणि रुपयांचे आकडे भरपूर आहेत, आणि ज्या ओळीवरून सगळे ठरायला हवे ती तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी टाकली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो. घरात रात्रभर चालणारे वैद्यकीय यंत्र असेल, तर बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा ती पहाटे तीन वाजता न चुकता सुरू होईल का, हा प्रश्न आधी येतो. तुम्ही तिन्ही कोटेशनची तुलना क्षमतेवर केली आहे. मला ती गरजेवर करावीशी वाटते.

मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट घेतो. त्यात दोन पंखे, काही दिवे आणि थांबत-थांबत चालणारा फ्रिज धरला, तरी रात्रीचा सरासरी भार 600 वॅटच्या आसपास राहील, म्हणजे चार तास लाइट गेली तर खर्च होतील 2.4 युनिट. आता पहिल्या बॅटरीचा हिशेब पाहा : 51.2 व्होल्ट गुणिले 100 ॲम्पिअर-तास म्हणजे 5,120 वॅट-तास, म्हणजेच 5.12 युनिट. इन्व्हर्टरमधली घट आणि तळाशी राखून ठेवायचा साठा वजा केला तरी हाताशी चार युनिट उरतात, आणि त्यावर हे घर साडेसहा तास चालते. तुमच्याकडे रात्री एका वेळी सहा तासांहून अधिक काळ लाइट जाते का? पत्रावरून तसे दिसत नाही. एसी मात्र या हिशेबात धरू नका. दीड टनाचा एसी ही बॅटरी तीन तासांच्या आत रिकामी करील.

भाच्याच्या पॅकचा हिशेब 14.3 युनिटचा होतो. तुमच्या 3 किलोवॅटच्या पॅनेलमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला 12 युनिटच्या आसपास वीज मिळत असेल, पावसाळ्यात याहून बरीच कमी. म्हणजे घरात दिवसभर एकही दिवा न लावता सगळी वीज बॅटरीत ओतली तरी ती एका दिवसात भरणार नाही. शिवाय नेट मीटरमुळे तुमची जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते आणि शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, म्हणजे साठवणुकीचे काम तुमच्यासाठी ग्रिड आधीच करत आहे. बिलाच्या बचतीतून बॅटरीची किंमत वसूल होईल, असा हिशेब कोणी मांडून दाखवला असेल तर तो बाजूला ठेवा. तुम्ही बॅटरी घेणार आहात ती अंधारासाठी. वापर झाला नाही तरी लिथियम सेल वयोमानाने झिजतोच, त्यामुळे न लागणारी नऊ युनिटांची क्षमता नुसती पडून म्हातारी होईल.

तिन्ही कोटेशनमध्ये एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. तुमचा सध्याचा सौर इन्व्हर्टर ऑन-ग्रिड आहे, म्हणजे बाहेरची लाइन असेल तरच चालणारा. लाइट गेल्यावर तो मुद्दाम बंद पडतो, कारण तो वीज तारांमध्ये सोडत राहिला तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्याला बॅटरी जोडता येत नाही. एक तर हायब्रिड (पॅनेल, ग्रिड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर घ्यावा लागेल, किंवा सौर यंत्रणा आहे तशी ठेवून आईची खोली, फ्रिज आणि काही दिवे-पंखे यांचे वेगळे सर्किट काढून त्याला लिथियम सेटिंग असलेला, शुद्ध साइन वेव्ह (ग्रिडसारखी गुळगुळीत वीज) देणारा स्वतंत्र इन्व्हर्टर बसवावा लागेल. तुमच्या गरजेला दुसरा मार्ग पुरेसा वाटतो. ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या जुन्या इन्व्हर्टरवर लिथियम चढवू नका : व्होल्टेज जुळणार नाही, आणि जुळले तरी चार्जिंगची पद्धत जुळणार नाही. हा खर्च तिन्ही आकड्यांत मिळवा आणि मग तुलना करा.

आता सेलकडे वळू. तुमच्या मनात 280 हा आकडा सेलमध्ये दूध भरल्यासारखा आहे, मापून ओतलेला. प्रत्यक्षात तो एका विशिष्ट परीक्षेतला निकाल असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल 3.65 व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचा, 25 अंश तापमानाला ठरावीक प्रवाहाने 2.5 व्होल्टपर्यंत रिकामा करायचा आणि त्यातून किती ॲम्पिअर-तास निघाले ते मोजायचे, अशी ती परीक्षा. बाजारात सर्वाधिक ओळखीचा असलेला ईव्हीई कंपनीचा एलएफ280के हा सेल घ्या : नाममात्र 3.2 व्होल्ट, 280 ॲम्पिअर-तास, वजन साडेपाच किलोच्या आसपास. त्याच्या माहितीपत्रकात 6,000 सायकलचे (एकदा भरून रिकामा करणे म्हणजे एक सायकल) आयुष्य दिसते, पण तेही 25 अंशांवर, ठरलेल्या प्रवाहाने आणि सेल चौकटीत ठरावीक दाबाखाली आवळलेला असताना. आणि आयुष्य संपले असे मानायचे ते क्षमता 80 टक्क्यांवर आल्यावर. अकोल्यात मे महिन्यात 25 अंश कुठे मिळणार? ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढले की सेलच्या आतल्या झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो. ‘रोज एक सायकल म्हणजे सोळा वर्षे’ असा भागाकार विक्रेते हसत-हसत करून दाखवतात. त्यांना एवढेच विचारा की बॅटरी जिन्याच्या पत्र्याखाली ठेवली तर किती वर्षे.

‘ए ग्रेड’ हा शब्द हापूसच्या पेटीवरच्या ‘देवगड’सारखा झाला आहे, लिहिणाऱ्यावर सगळे अवलंबून. जगभर मान्य असा ए ग्रेडचा कोणताही शिक्का अस्तित्वात नाही. प्रत्येक कारखाना आपल्या सेलची क्षमता, अंतर्गत रोध (प्रवाहाला आतून होणारा अडथळा), पडून राहिल्यावर होणारी गळती आणि आकारमान मोजून प्रतवारी करतो. सगळ्या कसोट्यांवर उतरलेला माल मोठ्या वाहन कंपन्यांकडे आणि साठवण प्रकल्पांकडे जातो. एखाद्या कसोटीत मागे पडलेला, फार दिवस गोदामात राहिलेला किंवा प्रकल्पातून काढलेला माल खुल्या बाजारात येतो आणि वाटेत कुठेतरी पुन्हा ए होतो. तुमचा भाचा खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. बहुधा त्यालाही कोणीतरी तसेच सांगितले असेल.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. चार वर्षांपूर्वी माझ्या घरासाठी मी असेच 16 सेल मागवले. खोके उघडले तेव्हा निळ्या प्लास्टिकच्या वेष्टनातले सेल नवे कोरे दिसत होते, मल्टिमीटर प्रत्येकावर 3.29 व्होल्ट दाखवत होता आणि मी खूश होतो. एका सेलच्या टर्मिनलवर बारीक ओरखडे दिसले म्हणून त्याचे वेष्टन ब्लेडने कापले. आत ॲल्युमिनियमवर जुनी वेल्डिंग घासून काढल्याच्या गोलसर खुणा होत्या, आणि क्यूआर कोडच्या जागी पत्रा खरवडून त्यावर नवा स्टिकर चिकटवला होता. मग एकेक सेल पूर्ण भरून 20 ॲम्पिअरने रिकामा करत मी सगळे मोजले. एका सेलला दिवसाहून जास्त वेळ लागे, त्यामुळे तीन आठवडे गेले आणि घरच्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. तेरा सेल 270 च्या वर निघाले, दोन 250 च्या जवळपास, आणि एक 214. विक्रेत्याचे उत्तर होते, ‘साहेब, व्होल्टेज तर सगळ्यांचे सारखे आहे.’

व्होल्टेज सारखे असणारच. या सेलचे व्होल्टेज भरलेपणाच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहते. 30 टक्के भरलेला आणि 70 टक्के भरलेला सेल साध्या मीटरवर जवळजवळ सारखेच दिसतात, आणि थकलेला सेलही ठणठणीत दिसतो. खरा प्रश्न तो 214 चा सेल काय करतो हा आहे. 16 सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून तोच प्रवाह जातो. स्लॅब टाकतात त्या दिवशी घमेल्यांची रांग लागते, तिच्यात एक माणूस दमला की पंधरा धडधाकट गडी असूनही माल त्याच्याच वेगाने वर जातो, तसेच हे. 214 वाला रिकामा झाला की बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे पॅकमधले सर्किट) अख्खा पॅक बंद करतो. माझी 14.3 युनिटची बॅटरी जेमतेम 11 युनिटची निघाली, आणि तो सेल दर वेळी सर्वांत आधी तळाला जाऊन सर्वांत आधी काठोकाठ भरत असल्याने तोच अधिक वेगाने झिजत गेला.

म्हणून सेलची गुणवत्ता म्हणजे सुट्या सेलचा आकडा कमी आणि सोळा जणांचा सारखेपणा जास्त. तुमच्या भाच्याकडे एवढेच मागा : प्रत्येक सेलच्या क्रमांकासह त्याची मोजलेली क्षमता आणि अंतर्गत रोध लिहिलेला तक्ता. तो क्रमांक सेलवर कोरलेल्या कोडशी जुळला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला तक्त्याचा फोटो पुरावा होत नाही. 280 च्या चांगल्या सेलचा रोध पाव मिलिओहम किंवा त्याहून कमी असतो, पण नेमक्या आकड्यापेक्षा सोळांमध्ये फरक किती आहे ते पाहा. पोट फुगलेला सेल परत करा. आणि सर्वांत लपणारा दोष म्हणजे आतल्या आत होणारी गळती. ती शोधायची तर सगळे सेल भरून दोन-तीन आठवडे न जोडता ठेवावे लागतात आणि मग कोणाचे व्होल्टेज इतरांपेक्षा जास्त उतरले ते मिलिव्होल्टमध्ये पाहावे लागते. विकणाऱ्याला एवढा धीर क्वचितच असतो.

तिसऱ्या कोटेशनवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण दुकानदाराने एका हाताने ती उचलून दाखवली तेव्हाच उत्तर देऊन टाकले. स्कूटरमध्ये बहुधा 18650 किंवा त्याहून थोडे मोठे नळकांडे सेल असतात. 18 म्हणजे मिलिमीटरमधला व्यास, 65 म्हणजे लांबी. या आकारात नव्या, उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता 3,500 मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास थांबते, म्हणजे सुमारे साडेबारा वॅट-तास, आणि वजन 46 ग्रॅमच्या आसपास. 48 व्होल्ट आणि 200 ॲम्पिअर-तास म्हणजे 9,600 वॅट-तास. त्यासाठी असे साडेसातशेहून अधिक सेल लागतील आणि नुसत्या सेलांचेच वजन 35 किलो भरेल. तेही सगळे सेल नवे असतील तर. पत्र्याची पेटी आणि तारा धरून ती बॅटरी एका हातात झुलवता येणार नाही. शिवाय स्कूटरचे सेल बहुधा निकेल-मँगनीज-कोबाल्टचे असतात. ते 4.2 व्होल्टपर्यंत भरतात आणि तापून बिघडले तर आयर्न फॉस्फेटपेक्षा कमी तापमानाला आणि अधिक जोराने पेटतात. आई झोपते त्या घरात ही पेटी नको.

राहता राहिली पहिली बॅटरी. तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही. आतली रसायने आयर्न फॉस्फेटच आहेत हे माहितीपत्रकात लिहिलेले असावे, आयईसी 62619 या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र मागावे, आणि वॉरंटीचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे. ‘दहा वर्षे’ या शब्दांनंतर सायकलची किंवा एकूण युनिटांची मर्यादा असते आणि जे आधी संपेल तिथे हमी संपते. दहाव्या वर्षी 80 टक्के क्षमता राहील की 60 टक्के, यातही मोठा फरक आहे. खोलीचे तापमान अमुक अंशांच्या वर गेले तर हमी लागू नाही, असे कलम असेल तर विदर्भात राहणाऱ्याने ते दोनदा वाचावे. आणि ‘एएच’चा आकडा दिसला की त्यासोबत व्होल्ट विचारण्याची सवय लावून घ्या. ‘150 एएचच्या बरोबरीची लिथियम’ असे लिहिलेल्या पेटीत प्रत्यक्षात 100 ॲम्पिअर-तासही नसू शकतात. ती तुलना ट्युब्युलरच्या अर्ध्याच वापरता येणाऱ्या क्षमतेशी केलेली असते. युनिटमध्ये विचारले की हा सगळा धूर निघून जातो.

माझे मत स्पष्ट आहे : आईच्या खोलीसाठी पहिली बॅटरी घ्या. तुमचा मुलगा भाच्यावर अविश्वास दाखवतो आणि तुम्ही नात्याखातर विश्वास दाखवता. दोघेही माणसाकडे पाहत आहात, सेल कोणीच मोजलेला नाही. भाच्याला ‘नाही’ म्हणण्याची वेळच येऊ देऊ नका. त्याला घरी बोलवा आणि काम सांगा : क्लॅम्प मीटर लावून रात्रीचा खरा भार मोजणे, वेगळे सर्किट काढणे, बॅटरीजवळ डीसी फ्यूज आणि योग्य जाडीची केबल घालणे. बांधलेले पॅक विकणाऱ्या मुलाला हे येत असेल, आणि येत नसेल तर तेही तुम्हाला कळेल. त्याचे पैसे पूर्ण द्या, बिल घ्या. त्याला मोकळेपणाने सांगा, ‘आजीच्या यंत्राला लेखी हमी हवी, म्हणून ही कंपनीची घेतो, तू सोळा सेलांचा तक्ता काढून दाखव, मग तुझ्या पॅकचे पुढे पाहू.’ तुमची शेती किंवा दुसरे घर असेल, तर मोजून-जुळवून बांधलेला पॅक तिथे चांगले काम देऊ शकतो. बहिणीला हा निरोप त्याच्याआधी तुम्हीच फोन करून द्या.

बॅटरी बसवायची कुठे, हे बसवणाऱ्यावर सोडू नका. पश्चिमेची तापणारी भिंत आणि गच्चीवरची पत्र्याची शेड टाळा. तळमजल्यावरची उत्तरेकडची, हवा खेळती असलेली खोली चांगली. आईच्या खोलीत किंवा जिथून बाहेर पडायचे त्या वाटेवर ती नको, कारण ऑक्सिजनच्या यंत्राजवळ ठिणगीची शक्यताही नको आहे. उन्हाळ्यात ती दिवसेंदिवस शंभर टक्के भरलेली ठेवू नका, मात्र दोन आठवड्यांतून एकदा पूर्ण भरू द्या, म्हणजे बीएमएसला सेल समतोल करायला आणि पडद्यावरची टक्केवारी सुधारायला संधी मिळते.

बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच एक चाचणी करा. बॅटरी पूर्ण भरा आणि चार्जिंग बंद करा. प्लगमध्ये लावायच्या छोट्या एनर्जी मीटरमधून 500 वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावा आणि इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत चालू ठेवा. (पाण्याचा रॉड वापरू नका, बादली उकळेल, इस्त्रीही नको, ती मधूनमधून आपोआप बंद होते.) 5.12 युनिटच्या बॅटरीतून मीटरवर साडेचार युनिटच्या आसपास आकडा यावा. तळाशी साठा राखण्याची मर्यादा घातली असेल तर थोडा कमी येईल. तो चारच्याही खाली गेला तर मीटरचा फोटो काढून त्याच दिवशी लेखी तक्रार करा. आकडा आणि तारीख बॅटरीच्या बाजूला चिकटवून ठेवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात हीच चाचणी करा.

दुसरी चाचणी यंत्राची. आईच्या डॉक्टरांना विचारून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात ठेवा. कोणत्याही ग्रेडची बॅटरी आली तरी तो हलवू नका. मग एखाद्या रविवारी सकाळी, सगळे घरात असताना आणि आईला यंत्राची गरज नसताना, कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवून मेन स्विच खाली ओढा. इन्व्हर्टर किती वेळात उचलतो, यंत्र अलार्म देऊन बंद पडते की चालू राहते, बंद पडले तर कोणते बटण दाबावे लागते, हे सुनेपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकदा स्वतः करून पाहू द्या. दुपारपर्यंत मेन तसाच खाली ठेवा.